ट्रॉलीचे दिवे आणि प्रवाहाची परतवाट

ऊंस वाहणाऱ्या ट्रॉलीचे दिवे मंदावले, किंवा ब्रेक दाबतांच भलताच दिवा लागला, तर पुष्कळजण बल्बालाच दोष देतात. परंतु विद्युत्प्रवाहाला जाण्याप्रमाणें परतण्याचीहि वाट लागते. ही वाट, म्हणजेच अर्थिंग, गंजली कीं प्रवाह दुसऱ्या दिव्यांतून आडमार्गानें परततो. परीक्षा सोपी आहे. ट्रॉलीचा सांगाडा तारेनें ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टांच्या बॅटरीच्या ऋण टोंकाशीं जोडून पाहावा. दिवे उजळले, तर दोष अर्थिंगचाच समजावा. मग जोडाचा गंज कांचकागदानें घासून तार घट्ट आवळावी. फ्यूज वारंवार जळत असेल, तर जाड तार घालूं नये. कोठें तार सोलली आहे, तें शोधावें. मागून येणाऱ्याचा जीव त्या तांबड्या दिव्यावर अवलंबून असतो.