आधी अभ्यास, मग कायदा : कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत कॅलिफोर्नियाचा अनुभव

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील अनेक आघाडीच्या कंपन्यांचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या तंत्रज्ञानाच्या संधी आणि धोक्यांचा शासकीय पातळीवर अभ्यास केला. त्या अभ्यासातून दोन वर्षांनी एक कायदा आकाराला आला. नवे तंत्रज्ञान स्वीकारताना राज्य शासनाने कोणते प्रश्न विचारावेत, हे समजून घेण्यासाठी हा प्रवास उद्‌बोधक आहे.

अभ्यासाची सुरुवात

गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ६ सप्टेंबर २०२३ रोजी यासंबंधीचा कार्यकारी आदेश काढला. अमेरिकेतील गव्हर्नर हा जनतेने थेट निवडून दिलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. त्यामुळे त्याचे अधिकार भारतातील राज्यपालांपेक्षा मुख्यमंत्र्यांच्या अधिकारांशी अधिक जुळतात. मजकूर, चित्र व ध्वनी स्वतः निर्माण करणाऱ्या ‘जनरेटिव्ह’ कृत्रिम बुद्धिमत्तेचा शासनाला कोठे उपयोग होईल आणि त्यातून कोणते धोके उद्‌भवतील, याचा अहवाल सादर करण्याचे निर्देश विभागांना देण्यात आले. ऊर्जाव्यवस्थेसारख्या अत्यावश्यक पायाभूत सुविधांना असलेल्या धोक्यांचे विश्लेषण, शासकीय खरेदीचे नियम आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या बाबीही आदेशात होत्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. शासकीय माहितीचे अनेक भाषांत भाषांतर, प्रदीर्घ दस्तऐवजांचा सारांश आणि जुन्या संगणकप्रणालींचे आधुनिकीकरण या संधी त्यात नमूद होत्या. चुकीची माहिती आत्मविश्वासाने सांगण्याची यंत्राची प्रवृत्ती, पूर्वग्रहदूषित निष्कर्ष आणि खासगी माहितीची गळती हे धोके त्यात मांडले होते. मे २०२४ मध्ये निवडक विभागांत प्रायोगिक वापर सुरू झाला. महामार्गांवरील वाहतूककोंडी व रस्तेसुरक्षा, तसेच कर विभागाच्या दूरध्वनी केंद्रातील कर्मचाऱ्यांना साहाय्य ही त्यांतील काही क्षेत्रे होती.

नकाराधिकार आणि तज्ज्ञ गट

शासनाने स्वतः वापरायच्या साधनांपुरता हा प्रश्न सोपा होता. अतिप्रगत प्रणाली घडवणाऱ्या खासगी कंपन्यांवर बंधन घालायचे काय, हा खरा वादाचा मुद्दा ठरला. प्रशिक्षणासाठी १० कोटी डॉलरहून अधिक खर्च झालेल्या प्रणालींना सुरक्षाविषयक अटी लावणारे विधेयक २०२४ मध्ये विधिमंडळाने संमत केले. मात्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. प्रणालीचा आकार व खर्च पाहून धोका ठरवता येत नाही, ती कोठे व कशासाठी वापरली जाते हेही पाहावे लागते, असा त्यांचा आक्षेप होता. मोठ्या कंपन्यांच्या दबावापुढे शासन नमले, अशी टीकाही झाली.

त्यानंतर फेई-फेई ली, जेनिफर टूर चेज आणि मारिआनो-फ्लोरेंटिनो क्वेयार यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञ गट नेमण्यात आला. जून २०२५ मधील त्यांच्या अंतिम अहवालाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी इतिहासाचा घेतलेला आधार. तंबाखू उद्योगाला आपल्या उत्पादनाच्या घातक परिणामांची कल्पना होती. परंतु ती माहिती दीर्घकाळ जनतेपासून दडवली गेली. ज्याच्याकडे पुरावा आहे त्याच्यावर तो उघड करण्याचे बंधन नसेल, तर शासन अंधारात राहते, हा त्यातील धडा. म्हणूनच पारदर्शकता, त्रयस्थ तपासणी, अपघातांची नोंद आणि गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण यांवर अहवालाने भर दिला.

कायद्याचे स्वरूप

२९ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे नकाराधिकारानंतर बरोबर एक वर्षाने, न्यूसम यांनी सिनेटर स्कॉट विनर यांच्या नव्या विधेयकावर स्वाक्षरी केली. वार्षिक ५० कोटी डॉलरहून अधिक महसूल असलेल्या आणि अतिप्रगत प्रणाली विकसित करणाऱ्या कंपन्यांनी आपला सुरक्षा आराखडा प्रसिद्ध करणे त्यानुसार बंधनकारक आहे. गंभीर सुरक्षा घटनेची माहिती राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयास १५ दिवसांत, तर जीवितास तातडीचा धोका असल्यास २४ तासांत संबंधित यंत्रणेस द्यावी लागते. उल्लंघनासाठी १० लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रणाली बाजारात आणण्यासाठी पूर्वपरवानगीची अट मात्र कायद्यात नाही.

भारतासाठी बोध

भारतात पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य व जमीन हे विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात. शासकीय कामात कृत्रिम बुद्धिमत्ता शिरते ती प्रामुख्याने याच मार्गांनी. तमिळनाडूने २०२० मध्येच सुरक्षित व नैतिक वापराचे धोरण जाहीर केले. महाराष्ट्राने २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. अशा धोरणांची कसोटी प्रत्यक्ष वापरात लागेल. यंत्राच्या चुकीमुळे एखाद्या शेतकऱ्याचे नाव लाभार्थ्यांच्या यादीतून गळले, तर त्याने कोणाकडे दाद मागावी? ती चूक कोणाच्या नोंदीत राहील?

अभ्यास हा कायद्याला पर्याय नव्हे. कॅलिफोर्नियात अभ्यास व वाद चालू असताना तंत्रज्ञान थांबले नव्हते. तथापि, कोणती माहिती मागायची हे या अभ्यासामुळे निश्चित झाले, आणि ती देण्याचे उत्तरदायित्व कायद्याने कंपन्यांवर टाकले.