शहर माणसाशी कसे बोलते?

गोवळकोंड्याच्या किल्ल्यात प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली एका ठरावीक जागी उभे राहून टाळी वाजविली, तर ती टेकडीच्या माथ्यावरील बाला हिसारात, सुमारे एक किलोमीटर अंतरावर, स्पष्ट ऐकू येते. हैदराबादेस जाऊन आलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ही टाळी वाजवून पाहिली असेल आणि गंमत म्हणून सोडून दिली असेल. खालच्या पहारेकऱ्याने वरच्यास वर्दी द्यावी म्हणून ही योजना केली, असे परंपरेने सांगतात. तीस तार नको, तेल नको, अक्षरओळख नको. माणसास उपजत येणारी एक क्रिया त्याने करावी आणि दगडाने तिचे उत्तर द्यावे, एवढेच.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण हैदराबादेत डिझाइनचे शिक्षण घेत आहे. डिझाइन म्हणजे साडीवरची वेलबुट्टी अशी आमच्या गावी अनेकांची समजूत आहे, आणि नातू कापडगिरणीत लागणार असे त्याच्या आजीस अजून वाटते! त्याचा विषय निराळा आहे. त्यास इंटरॅक्शन डिझाइन असे इंग्रजी नाव आहे. आम्ही त्यास संवादरचना म्हणू. माणूस यंत्रापाशी, दारापाशी किंवा रस्त्यापाशी येतो, तेव्हा त्या वस्तूने आपला उपयोग त्यास सहज कळवावा आणि त्याच्या कृतीस उत्तर द्यावे, यासाठी खटपट करणारी ही विद्या. नाताळच्या सुट्टीत तो घरी आला असता त्याची टिपणवही आम्ही दोन दिवस ठेवून घेतली.

विषय परका वाटेल त्यांनी आपले मतदान आठवावे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांस वाचता येत नव्हते. तेव्हा प्रत्येक उमेदवारास चिन्ह दिले गेले आणि चिन्ह लावलेली प्रत्येकाची स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली. पुढे यंत्र आले. 1982 साली केरळातील परूर मतदारसंघात ते प्रथम वापरले गेले आणि 2004 ची लोकसभा निवडणूक देशभर त्यावरच झाली. ही यंत्रे बंगळुरात आणि हैदराबादेत तयार होतात, पण त्यांचे रूप ठरविण्याचे काम पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक डिझाइन केंद्राच्या अध्यापकांनी केले. चिन्हासमोर निळे बटण, दाबताच तांबडा दिवा, मग लांब शिटी. अंध मतदारासाठी बटणाशेजारी ब्रेलमध्ये अंक. आता कागदी चिठ्ठीही काचेआड सात सेकंद दिसते. 'तुझे मत पोहोचले' असे यंत्र इतक्या परींनी सांगते. आपल्या गावातील ऐंशी वर्षांच्या बाया कोणास न विचारता हे काम उरकून येतात, ते उगीच नव्हे.

आता वहीकडे वळू. हैदराबादची मेट्रो नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाली. तिचे तांबडा, निळा व हिरवा असे तीन मार्ग असून तांबडा आणि निळा अमीरपेठेस एकमेकांस भेटतात. तेथे आमचा विद्यार्थी संध्याकाळी नुसता उभा राहून लोकांकडे पाहत असे. त्याने लिहिले आहे की, घाईचा मनुष्य पाटी वाचत नाही. तो पुढच्या माणसाच्या पाठीमागे जातो. पुढचा चुकला की रांगच्या रांग चुकते. तिकीटयंत्रापुढे गोंधळलेला मनुष्य यंत्रास दोष देत नाही, मागे वळून रांगेकडे ओशाळे हसतो आणि बाजूला होतो.

असाच एक प्रसंग त्याने तपशिलाने टिपला आहे. दवाखान्यात असलेल्या लेकीस भेटण्यासाठी नांदेडकडील एक वृद्ध बाई एकट्याच निघाल्या होत्या. फाटकावर तिकीट नेमके कोठे धरावे हे त्यांना उमजेना. दार उघडले नाही. मागचे लोक चुळबुळू लागले. बाई बाजूला झाल्या आणि मराठीत स्वतःशीच पुटपुटल्या, "अडाण्याचं काम नाही हे." आमच्या विद्यार्थ्याने त्यांना पलीकडे पोहोचविले, परंतु ते वाक्य त्यास सोडीना. ज्या बाईने चार मुले वाढविली, शेत राखले, अनोळखी शहरात लेकीचा दवाखाना शोधला, तिला एका लोखंडी फाटकाने अडाणी ठरवावे काय? डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन विद्वानाने 1988 सालच्या आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादले आहे की, वस्तू वापरताना माणूस पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर दोष वस्तूच्या घडणीत शोधावा. आम्हांस हे मत पूर्ण पटते. गरिबाची लाज ही फार महाग वस्तू आहे. यंत्र बनविणाऱ्याने ती फुकट खर्चू नये.

उपाय नाहीत असे नाही. मेक्सिको शहराची मेट्रो 1969 साली सुरू झाली, तेव्हा लान्स वायमन या कलावंताने स्थानकांसाठी चित्रे योजिली. ज्यास वाचता येत नाही तोही चित्र पाहून उतरतो. जपानात सेइची मियाके यांनी अंधांच्या पायास कळतील अशा उंचवट्यांच्या फरशा शोधून काढल्या आणि 1967 साली ओकायामा शहरात त्या प्रथम बसविल्या. त्या आता आपल्याकडेही दिसतात. वहीत मात्र अशा फरशांच्या एका रांगेचे रेखाचित्र आहे. ती रांग सरळ जाऊन विजेच्या खांबास भिडते. ज्याने ती बसविली त्याने डोळे मिटून त्यावरून दहा पावले टाकली नसावीत.

चारमिनारविषयी विद्यार्थ्याने भरभरून लिहिले आहे. 1591 साली मुहम्मद कुली कुतुबशहाने तो बांधला. चार दिशांस चार कमानी आणि त्यांतून चार वाटा. वाट चुकलेल्यास मान वर केली की आपण कोठे आहोत ते कळते. लगतच्या रस्त्यावर वाहनांस मज्जाव होऊन फरसबंदी झाल्यापासून तेथे लोक पायी, आरामात हिंडतात. लाड बाजारातून बांगड्या घेऊन आलेल्या बायका मिळेल त्या पायरीवर टेकतात. लोक तेथेच बसतात जेथे बसावयास जागा असते, हे विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कचे चौक वर्षानुवर्षे न्याहाळून 1980 साली लिहिले. वाचून हसू येते खरे. पण किती चौकांत म्हाताऱ्यास टेकावयास दगडही नसतो, हे पाहिले की हसू मावळते.

एका बाबतीत आमचे त्याच्याशी जमले नाही. यंत्र पुरेसे शहाणे झाले की खिडकीत माणूस ठेवण्याची गरज उरणार नाही, असे त्याचे म्हणणे. आम्ही म्हटले, आपल्या देवळाची घंटा साऱ्या गावास कळते, मयताची कोणती आणि मिस्साची कोणती हे पोरेही जाणतात, तरी घंटा ऐकून लोक दारात येतात ते "कोण गेले?" हे माणसास विचारावयास. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "फादर, हे टिपून घेतो."

आता तो परत गेला आहे. मुसी नदीच्या पात्रातील महात्मा गांधी बसस्थानकावर नांदेड-लातूरकडील गाड्या लागतात, तेथे त्याचे पुढचे काम आहे. कोणत्या पाटीखाली उभे राहूनही लोक हमालास वाट विचारतात, ते तो महिनाभर टिपणार आहे.