चूक टांकसाळीची, की हातोडीची?

‘दहा रुपयांचं हे नाणं असेल तर लाखो मिळवा’ छापाचे व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. मग डब्यातली चिल्लर सतरंजीवर ओतली जाते आणि जरा वाकडं दिसणारं प्रत्येक नाणं दुर्मिळ ठरतं. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा : ही खोड टांकसाळीतल्या कोणत्या टप्प्यावर निर्माण झाली असेल? टप्पा सांगता आला नाही, तर नाण्याला बाहेर कुठेतरी मार लागलाय असं खुशाल समजावं.

टप्पे मोजकेच आहेत. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, भट्टीत तापवून नरम करतात, त्यांची कड उचलून घेतात आणि मग कॉलरमध्ये, म्हणजे चकतीभोवतीच्या कड्यात, बसवून दोन ठशांमध्ये दाबतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावरच पुढचा काप बसतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. खाच अस्सल असेल तर तिच्या बरोबर समोरची कडही बऱ्याचदा पुसट असते, कारण कड उचलताना खाचेच्या जागी चकतीला आधारच मिळत नाही. कानस घेऊन बसलेल्या कारागिराला हे सुचत नाही!

ठशाला चीर गेली की त्या भेगेत धातू शिरतो. म्हणून नाण्यावर उठलेली रेघ दिसली तर ती बहुधा टांकसाळीची. खोल गेलेली रेघ म्हणजे बहुतेक वेळा साधा ओरखडा.

संग्राहकांचा जीव अडकतो तो ‘लाखी’त. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर ठशाऐवजी ते नाणंच उमटतं. एका बाजूला नेहमीची नक्षी आणि दुसऱ्या बाजूला तीच, पण उलटी आणि खोलगट. बनावट लाखी करायला दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळतात. उलटी नक्षी उमटते खरी. पण भिंगातून पाहिलं की तिच्याखाली मूळ अक्षरांचे अवशेष सापडतात आणि पाठीवरचे उंचवटे चेपलेले दिसतात.

दहाच्या द्विधातू नाण्यातही हीच गंमत. कडं आणि मधली चकती ठशाखाली एकत्रच दाबली जातात. मधला भाग सरकलेला असूनही नक्षी दोन्हींवर अखंड असेल, तर चूक टांकसाळीत झाली. नक्षीच तुटून फिरलेली असेल, तर कुणीतरी मधला भाग ठोकून काढून परत बसवलाय, असाच संशय घ्यावा.

काही गोष्टी तर चुका नसतातच. सालाखालची खूण टांकसाळीची असते : मुंबईचा चौकट आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. 1985च्या रुपयावरचा ‘एच’ ही बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. तेव्हा आपण काही नाणी बाहेरून पाडून घेतली होती. दहाच्या नाण्यांचे वेगवेगळे नमुने पाहून दुकानदार ती नाकारू लागले, तेव्हा जानेवारी 2018मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की चौदाही नमुने चलनात वैध आहेत.

रंग बदललेल्या नाण्याने तर अजिबात हुरळू नये. आग, आम्ल, वर्षानुवर्षांचा ओलावा, यांतलं काहीही रंग बदलू शकतं. चुकीच्या धातूवर ठसा पडलाय असं वाटलं तर आधी वजन करावं. 2011च्या मालिकेतला स्टीलचा रुपया 3.79 ग्रॅमचा असतो आणि लोहचुंबकाला चिकटतो. त्याच मालिकेतलं पाचचं पितळी छटेचं नाणं 6 ग्रॅमचं असतं. सोनारकाटा नसला तरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दशांश दाखवणारा असेल तर चालतो.

आणि हो, दिवाळीच्या साफसफाईत संशयास्पद नाणं चिंच-मिठाने घासू नका; घासलेल्या नाण्याचा भाव जाणकारांकडे पडतोच. विकायला निघालात, तर आधी कुठलंही ‘शुल्क’ भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्या-नोटांसाठी कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनेच ऑगस्ट 2021मध्ये जाहीर केलं आहे.