जागेचा धंदा आणि तारखेचा धंदा

मंडळी, आपल्या घरांतली मुलेमुली हल्ली टुरिझम नाहीतर इव्हेंट मॅनेजमेंट शिकायला जातात. दोन्ही नावे जोडीने घेतली जात असल्याने धंदा एकच असावा, असे आईवडिलांना वाटते. तसे नाही. पर्यटनवाला जागेवर जगतो, कार्यक्रमवाला तारखेवर.

श्रवणबेळगोळ घ्या. बाहुबलींच्या पायाशी जुने मराठी शिलालेख आहेत, म्हणून साहित्यप्रेमीही तिथे जातात. सुमारे ५७ फुटांची ती मूर्ती दहाव्या शतकापासून विंध्यगिरीवर उभी आहे. सहाशेहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी चढायच्या. ज्यांना ते झेपत नाही त्यांना डोलीवाले वर नेतात. डोलीवाला, लॉजवाला, शहाळी विकणारी बाई, या सर्वांचे पोट रोजच्या येण्याजाण्यावर चालते. लॉजची खोली भाजीसारखी नाशवंत असते; आजची रिकामी रात्र उद्या विकता येत नाही. सुट्टीत दर चढतो आणि पावसाळ्यात उतरतो तो यामुळे. आपण उगीच त्याला लूट म्हणतो.

महामस्तकाभिषेक मात्र साधारण १२ वर्षांनी येतो. २००६ मध्ये झाला, नंतर २०१८ च्या फेब्रुवारीत. त्यासाठी मूर्तीमागे उंच मचाण, खाली तात्पुरती उपनगरे, भोजनशाळा, पाणी, संडास, दवाखाने हे सारे उभारायचे आणि काम संपताच उतरवायचे. बहुतेक खर्च आधी होतो, आणि मुहूर्ताला मचाण अपुरे राहिले तर ‘उद्या करून देतो’ म्हणायची सोय नाही. आमच्या वैद्यकात तीव्र आजार आणि जुनाट आजार यांच्याकडे निरनिराळ्या नजरेने पाहावे लागते, त्यातलाच हा प्रकार. गर्दीत डॉक्टरचे निम्मे काम शुद्ध पाणी आणि स्वच्छ संडास हेच करतात, हे जाता जाता सांगतो.

मांडववाले, आचारी, ध्वनिक्षेपकवाले सामान गुंडाळून पुढच्या जत्रेला निघतात. त्यांच्यातले बरेच रोजंदारीवर असतात, आणि ठेकेदाराखाली पोटठेकेदार असला की खालच्याचे पैसे शेवटी सुटतात. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दोन्ही धंदे बसले; पण लॉजवाल्याची इमारत तरी जागेवर होती. कार्यक्रमवाल्याच्या हाती रद्द झालेल्या तारखा आणि परत मागितलेल्या आगाऊ रकमा उरल्या. म्हणून मुलगी नोकरी धरताना पगाराच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी विचारा: पगार वर्षभर मिळणार की कामापुरता, कोणते महिने रिकामे जातात, आणि कार्यक्रम रद्द झाला तर नुकसान कोणाच्या माथी.

मात्र दोन्ही धंदे एकमेकांना पोसतातही. बेंगळुरूहून श्रवणबेळगोळवरून हासनला जाणारा रेल्वेमार्ग २०१७ मध्ये, महोत्सवाच्या आदल्या वर्षी, सुरू झाला. मचाण गेले, तंबू गेले. गाडी आजही थांबते, आणि तिच्यातून उतरणाऱ्यांपैकी काही जण पायथ्याशी डोलीचा दर विचारतात.