सही आधी, संसद नंतर

मे संपत आला की परभणी तालुक्यातल्या पेडगावसारख्या गावांत सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले जातात. आठवड्याने गुंडाळी उलगडायची, कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर घरचं बियाणं पेरायला चालतं. वाण बहुतेकदा परभणीच्याच कृषी विद्यापीठाचा, एमएयूएस 71 वगैरे. त्यातलं थोडं पाहुण्यारावळ्यांनाही जातं.

हा व्यवहार पिढीजात असला तरी आज त्याला कायद्याचं कलम आहे, आणि त्या कलमाचं मूळ मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये आहे. 15 एप्रिल 1994 रोजी तिथे भारतातर्फे प्रणव मुखर्जींनी सही केली आणि पुढच्या वर्षापासून जागतिक व्यापार संघटनेचे नियम आपल्याला लागू झाले. पिकांच्या वाणांना पेटंट तरी द्या, नाहीतर दुसरं परिणामकारक संरक्षण तरी, असा त्यातला एक नियम. त्याआधी या नियमांच्या मसुद्यावरून, म्हणजे डंकेल प्रस्तावावरून महाराष्ट्रात रान पेटलं होतं. शेतकरी नेते शरद जोशी बाजूने, बाकी बरेचसे विरोधात. संसदेत चर्चा झाल्या, पण मंजुरीसाठी मतदान झालं नाही, कारण ते लागतच नाही. आपल्याकडे करार करतं सरकार. संसद कलम 253 खाली त्याच्या अंमलबजावणीचा कायदा करते. शेती राज्यांचा विषय असली तरी या कलमापुढे विधानसभेचंही चालत नाही.

मग संसदेच्या हाती उरतं काय? पेटंटच्या वेळी अडवणूक उरली. 1995 मध्ये पेटंट कायद्याचं दुरुस्ती विधेयक राज्यसभेत अडकलं, अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि 1997 मध्ये भारत ती हरला. 1999 मध्ये दुरुस्ती करावीच लागली.

बियाण्यांचं मात्र वेगळं झालं. वाणांच्या संरक्षणाचं 1999 चं विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं. साहिबसिंग वर्मा अध्यक्ष असलेल्या या समितीने शेतकऱ्यांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण त्यात घातलं. 2001 च्या कायद्याचं कलम 39 तिथून आलं: संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकऱ्याने राखावं, पेरावं, वाटावं, विकावं, फक्त त्यावर ब्रँड लावून विकू नये. युरोपातल्या नियमांची नक्कल न करता माराकेशच्या नियमातली फट खासदारांनी नेमकी हेरली. संसदीय समित्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे एवढं तरी वाचावं.

युरोपीय संघात संसदांचा असा हस्तक्षेप नियम ठरण्याआधीच होतो. 2009 पासून ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगाचा मसुदा प्रत्येक देशाच्या संसदेकडे जातो, आठ आठवड्यांसाठी. प्रत्येक संसदेला दोन मतं. एक तृतीयांश मतं ‘हे काम आमचं, तुमचं नाही’ म्हणाली तर आयोगाला फेरविचार करावा लागतो. हे ‘पिवळं कार्ड’ पहिल्यांदा 2012 मध्ये निघालं, संपाच्या हक्कावरच्या प्रस्तावाला, आणि आयोगाने तो मागे घेतला. पुढच्या वर्षी दुसरं निघालं, तेव्हा मात्र आयोग हटला नाही. म्हणजे कार्डाला दात आहेत, पण दुधाचे. डेन्मार्कची पद्धत जास्त कडक: महत्त्वाच्या विषयांवर मंत्री ब्रुसेल्सला निघण्याआधी संसदेच्या समितीकडून मुभा घेऊन जातो.

24 जुलै 2025 रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर लंडनबाहेरच्या चेकर्समध्ये सह्या झाल्या. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्याप्रमाणे असा करार मंजुरीआधी त्यांच्या संसदेपुढे बैठकीचे 21 दिवस ठेवावा लागतो, आणि कॉमन्स सभागृह हरकत घेऊन मंजुरी लांबवू शकतं. त्याच कराराच्या मंजुरीसाठी आपल्या सरकारला संसदेकडे जावं लागत नाही. परभणीचा खासदार त्यावर प्रश्न विचारू शकतो, एवढंच.