रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग झोप का येत नाही?

सदरला एका परिचितांकडे जेवायला गेलो होतो. त्यांचा मुलगा पुण्यात पंधरा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढून आता नागपुरातून घरूनच काम करतो. वय बेचाळीस. फ्लॅटचे कर्ज फिटलेले, मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढलेले. जेवणानंतर त्याने फाइल पुढे केली. साखर, थायरॉईड, बी-१२, ईसीजी, सगळे ठीक. ‘‘काका, रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागतच नाही.’’ नैराश्याची लक्षणे विचारून पाहिली, ती नव्हती. कामाचे विचारले तर हसला. पैसे भरायच्या पानावरचे एक बटण कुठे असावे, यावर त्यांच्याकडे तीन महिने चर्चा चालू होती म्हणे!

झोपेची गोळी मी लिहून दिली नाही. जपानमध्ये ओसाकी भागातल्या सुमारे ४३ हजार प्रौढांचा सात वर्षे मागोवा घेतला गेला, त्याचा निष्कर्ष २००८ मध्ये आला. जगण्यात अर्थ वाटत नाही असे सांगणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते. अर्थात आजारी माणसाला मुळातच जगणे निरस वाटू शकते. त्यामुळे एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखीही ही गोष्ट नाही.

मी त्याला सिकलसेलबद्दल सांगितले. विदर्भातल्या डॉक्टरला हा आजार रोज भेटतो. हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदलते आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. लहान रक्तवाहिन्या तुंबतात, पोर हाडांच्या वेदनेने रात्रभर ओरडते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली होती.

घोडे अडते ते तपासणीतच. गावपातळीवरची सोपी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे, पण वाहक आणि रुग्ण दोघांतही ती सारखीच गढूळ दिसते. नवजात बाळात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती चुकतेही. पक्के निदान करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते; त्याला यंत्र हवे, वीज हवी, हाताळणारा माणूस हवा. साध्या सूक्ष्मदर्शकातल्या काचपट्टीचा मोबाइलवर काढलेला फोटो वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगू शकेल का? कदाचित नाहीच. पण हे शोधायलासुद्धा चार-पाच वर्षे जातील.

ही वर्षे कोण देणार? घराचे हप्ते चालू असलेला पंचविशीतला मुलगा देऊ शकत नाही. गुंतवणूकदाराला नफा दिसत नाही, कारण रुग्णाच्या खिशात काही नसते. उरतो तो पोट भरलेला, हात तयार असलेला माणूस. वाधवानी बंधूंनी सॉफ्टवेअरच्या व्यवसायात कमावले आणि २०१८ मध्ये मुंबईत वाधवानी एआय ही ना-नफा संस्था उभी केली. कामगंध सापळ्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग फोटोवरून मोजून फवारणीचा सल्ला देणे, हे तिचे एक काम. आपल्या कापूसवाल्यांना त्याचे मोल सांगायला नको. एवढा पैसा प्रत्येकाकडे नसतो, पण आठवड्यातले दोन दिवस असतात.

एक मात्र बजावले : ‘‘पुन्हा एखादे नोंदणीचे ॲप बनवून आणू नकोस. ती आमच्याकडे ढिगाने आहेत, आणि नर्सताईंचा अर्धा दिवस त्यांतच जातो. आधी महिनाभर ओपीडीत नुसता बस.’’

त्याने विचारले, ‘‘काचपट्ट्यांचे फोटो मिळतील?’’ म्हटले, आधी नैतिक समितीची परवानगी, रुग्णांची संमती, मग फोटो. तो बुधवारी आला, त्याच्या पुढच्या बुधवारीही आला. गर्दीत झोपेचे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.