साडेआठ लाख ठोके

बमरोलीतला जुना, धोट्याचा साधा माग मिनिटाला दीडशे ठोके टाकतो असं धरू. बारा तासांच्या पाळीत ७२० मिनिटं, म्हणजे एका मागाचे १,०८,००० ठोके. कारीगराकडे आठ माग असतील, तर ८,६४,०००. तेवढ्या वेळात त्याचं स्वतःचं काळीज मिनिटाला सत्तरच्या हिशेबाने ५०,४०० वेळा धडधडतं.

पण मला हिशेब मांडायचाय तो मास्टरचा. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची किती तरी घरं पोटापाण्यासाठी सुरतेच्या या दक्षिण अंगाला, उधना, पांडेसरा, बमरोलीत येऊन स्थिरावली. त्यांतला एखादा कारीगरी करत करत लूम्सच्या खात्यात मास्टर होतो. बीम संपलं, धोटा अडकला, रात्रपाळीचे दोघे न सांगता गावी गेले, सगळं त्याच्याच डोक्यावर. सकाळी शेठचा फोन : ‘मास्टर, गई काले मीटर ओछा केम?’ तो ठेवतो न ठेवतो तोच कारीगर समोर : ‘मास्टर, भाव कब बढ़ेगा?’ मृदंगासारखी दोन्ही बाजूंनी थाप. कापडाचा भाव बाजार ठरवतो, मजुरी शेठ ठरवतो. मास्टरच्या हातात फक्त पाना.

टेन्शन हा मोठ्या साहेबांचा आजार, ही समजूत पसरायला थोडी माकडंही कारणीभूत आहेत. १९५८ मध्ये जोसेफ ब्रेडी या अमेरिकन संशोधकाने माकडांच्या जोड्या खुर्च्यांत बसवल्या. जोडीतल्या एकाने वेळेवर कळ दाबली, तर दोघांचाही विजेचा झटका टळायचा. दुसऱ्याने नुसतं बसून राहायचं. कळ दाबणाऱ्या ‘साहेब’ माकडांच्या पोटात अल्सर झाले, ती मेली. मोठ्या खुर्चीतल्या सगळ्यांना हे ऐकून बरंच वाटलं असणार! मात्र कळ पटापट दाबणारी माकडंच मुळात साहेब म्हणून निवडली होती. पुढे जे वाइस नावाच्या संशोधकाने उंदरांवर प्रयोग केले. त्यांत कोणाच्या वाट्याला काय येणार हे आधी निवडून ठरवलं नव्हतं, आणि निकाल नेमका उलटा लागला. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, त्यांना अल्सर जास्त.

माणसांचं उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून आलं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात जवळपास १८,००० पुरुष कर्मचारी होते. सगळ्यांत खालच्या हुद्द्यावरच्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जमेला धरूनही तो फरक पुरता मिटेना. पुढच्या, १९८५ पासूनच्या अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. त्यातून मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या कामावर आपलं किती चालतं, याचा हृदयविकाराशी जवळचा संबंध आहे. काम डोक्यावरून चाललेलं आणि अधिकार शून्य, ही जोडी वाईट, असं संशोधक रॉबर्ट करासेक १९७९ मध्येच सांगून गेले होते. त्यांनी बमरोली पाहिली नसेल, पण मास्टर ओळखला होता.

आता ही जोखीम केवढी? २०१२ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांतली १,९७,४७३ माणसं एकत्र धरली, तेव्हा अशा ताणाच्या कामात हृदयविकाराची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त दिसली. एकूण हृदयविकारातला ताणाचा वाटा मात्र जेमतेम ३.४ टक्के. सिगारेटचा त्याहून कितीतरी मोठा. तेव्हा तंबाखूची पुडी खिशात ठेवून सगळं खापर शेठवर फोडता येणार नाही.

पण चिमूटभर जोखीम कोट्यवधींच्या वाट्याला आली की आकडे डोळे फिरवतात. लांबलेल्या कामाच्या तासांचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये ४८ कोटी ८० लाख लोक आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करत होते आणि त्यापायी ७,४५,००० माणसं पक्षाघाताने वा हृदयविकाराने गेली. म्हणजे वर्षाला साडेसहाशेत एक. एकट्या मास्टरला विचाराल, तर ‘एवढंच ना?’ म्हणेल. हेच बारा तासांच्या पाळीत मोजा : एका पाळीत हजारावर माणसं, आणि लगेच दुसरी पाळी सुरू.

जे मरत नाहीत त्यांचंही गणित आहे. नैराश्य आणि चिंतेपायी जगात वर्षाला १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले, तर चार कोटी माणसं वर्षभर घरी बसल्यासारखी. २०११ च्या जनगणनेत सुरत शहर ४४ लाख ६७ हजारांचं होतं. अशी जवळपास नऊ सुरत शहरं, तान्ह्या मुलांसकट.

पंचावन्न तासांची ती रेघ बमरोलीत कुठे पडते? सोमवारी सकाळी सातला पाळी सुरू, रोज बारा तास, रविवार सुट्टी. गुरुवारी रात्री ४८ तास भरतात, आपल्या कामगार कायद्यातला आठवडा तिथेच संपतो. शुक्रवारी दुपारी दोन वाजता ५५ होतात. पुढे अजून सतरा तास असतात, आणि रविवारी शेठचा फोन आला, तर तो कुठल्याच हजेरीपत्रकावर चढत नाही.